शनिवारचं लाल

जगभरातली शहाणी माणसं मिळून एक काम करत होती आणि भिवंडीत बसून मी पावसाळाभर त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. हेतू वाईट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. खरं तर मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटत होता. मी होते अवघी सदुसष्ट वर्षांची. कोवळं वय. त्या वयात बाईला आपण फार हुशार आहोत असं वाटतं आणि कान धरायला घरात कोणी मोठं उरलेलं नसतं.

आमचं घर निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली आमचे शेजारी, चाचा, त्यांचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. ते चालू असले की आमच्या मांडणीवरची पातेली एकमेकांना कोपराने ढोसत असतात, आणि ते बंद पडले की मी दचकून जागी होते. मागच्या खोलीत पूर्वी सुताच्या कांड्या भरायचं मशीन होतं. आता तिथे माझ्या नातीची बोर्डं असतात. बोर्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढी हिरवी पाटी, वर काळे ठोकळे बसवलेले. अशा बऱ्याच पाट्या एका लोखंडी रॅकवर ओळीने उभ्या, प्रत्येकीला दोन-तीन वायरी. पाहुणे विचारतात, हे काय दुरुस्तीला आलंय का. मी पूर्वी सांगायचे की माझी नात घरात मशीन पाळते.

ही पाट्यांची भानगड नातीने मला एकदा नीट समजावली होती. कुठलंही मशीन चालू केलं की त्याच्यात सगळ्यांत आधी एकजण उठतो. तो उठून पडद्याला उठवतो, कीबोर्डाला उठवतो, कोणी किती काम करायचं ते वाटून देतो, दोघं एकाच गोष्टीसाठी भांडायला लागली तर सोडवतो. त्याला कर्नेल म्हणतात.

मी म्हटलं, "म्हंजे घरातली सून."

"हो, पण हिला जगभरातली माणसं मिळून घडवतात आणि रोज काही ना काही बदलत राहतात."

"सुनेचंही तसंच असतं, बाय."

सून स्वयंपाकघरात होती. तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

तर रोज बदल होतात म्हटल्यावर रोज तपासायलाही हवं. एका मशीनवर नीट चाललेला बदल दुसऱ्यावर आडवा पडतो. आणि मशीन तर शंभर जातींची, सगळी कोणा एकाकडे नसतात. म्हणून ज्याच्याकडे जे असेल त्याने ते आपल्या घरी जोडून ठेवायचं. नवा बदल आला की तो आपोआप घरोघरच्या पाट्यांवर उतरतो. पाटी बंद होते, चालू होते, नव्या कर्नेलला हाक मारते. तो उठला आणि त्याने सगळी कामं केली तर पडद्यावर हिरवा चौकोन, न उठला तर लाल. मग घरोघरचे हिरवे-लाल एका ठिकाणी जमा होतात आणि सगळे ते पाहून ठरवतात, हा बदल घ्यायचा की परत पाठवायचा. आमच्या रॅकवर एक पाटी जुन्या वाणाची होती. तसली त्या सगळ्या मंडळींत आता फार थोड्या घरी राहिली होती, म्हणून तिच्या निकालाला मान होता. आणि म्हणून नातीलाही. भिवंडीतली पोरगी, कधी कोणाला समोरासमोर भेटलेली नाही, पण जुन्या पाटीचं काही निघालं की मंडळी तिला विचारायची.

आता आमची लाइट. ती जाते. येते तेव्हा अशी येते की ट्यूब तीनदा विचार करते. सुरुवातीला चाचणी चालू असताना लाइट गेली की पाटी मधेच मरायची आणि निकाल लाल जायचा. कर्नेलचा दोष नसताना लाल. असं वारंवार झाल्यावर त्या मंडळींपैकी कोणीतरी लिहिलं की या घरचा लाल फारसा मनावर घेऊ नका. नातीने मला ते वाचून दाखवलं नाही, पण तीन जेवणं तिने ताटात बोटं फिरवत काढली, तेव्हा मी सुनेकडून काढून घेतलं.

नंतर नातीने एक सोय केली. लाल आला की तो लगेच बाहेर जायचा नाही, थोडा वेळ घरातच थांबायचा. पडद्यावर एक बटण यायचं. लाइट गेल्यामुळे लाल झालंय असं असेल तर ते दाबायचं, म्हणजे तो निकाल फेकला जाऊन चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. नात कामाला ठाण्याला जायची. म्हणून बटण माझ्याकडे आलं.

"आजी, फक्त लाइट गेली असेल तर," ती म्हणाली.

"कळतंय. मी काय लहान हाय?"

होते. पण ते आत्ता कळतंय.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. शुक्रवारी लूम बंद. माझं लग्न झालं तेव्हापासून मी शुक्रवार असाच पाहिला आहे. तेल घालायचं, कापसाचा भुगा झटकायचा, मशीनला हात लावून बघायचं की थंड झालंय का. ती सवय माझ्या हाडात आहे. मागच्या खोलीत पाट्या आल्या, तरी भुगा काही खालून वर यायचा थांबला नाही. म्हणून दर शुक्रवारी सकाळी मी त्या खोलीचा मेन स्विच पाडायचे, रंगाच्या ब्रशने सगळ्या पाट्या झटकायचे आणि शनिवारी सकाळपर्यंत तशाच ठेवायचे.

"बोर्डांना कसली सुट्टी, आजी?"

"मग तुझ्या बोर्डांना काय भुग्याने न्हायचंय?"

तिने मान्य केलं. आठवड्यातला एक दिवस तिची पाटी चाचणीला नसली तर जगाचं काही अडत नव्हतं. चाचांना कळलं तेव्हा ते जिन्यात हसत म्हणाले, "अम्मा, तुमने तो कंप्यूटर को भी जुमे की छुट्टी दे दी."

आणि मग शनिवार. मेन स्विच वर केला की पाट्या एकेक करून जाग्या व्हायच्या, रांगेत थांबलेल्या चाचण्या उतरायच्या, हिरवं, हिरवं, हिरवं. पावसाळा लागल्यापासून मात्र जुन्या पाटीचा पहिला चौकोन लाल यायला लागला. पहिल्या शनिवारी मी आले, पाहिलं, आणि दाबलं बटण. लाइट तर गेलीच होती की काल दिवसभर. मीच घालवली होती, पण गेली होती ना. पुन्हा चाचणी झाली. हिरवं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा लाल. दाबलं. हिरवं.

इथे मला माझ्याहून लहान असलेल्या एका बाईबद्दल सांगायला हवं, म्हणजे मीच, पण विशीतली. गणेशपुरीकडच्या गावातून लग्न होऊन आले आणि मेंडिंगला बसले. म्हणजे लूमवरून उतरलेला कापडाचा ताका पुढ्यात ओढायचा, कुठे उभा धागा निसटलाय, कुठे गाठ आलीये, ते बघायचं आणि सुई-चिमट्याने असं बेमालूम भरायचं की व्यापाऱ्याला दिसू नये. माझा हात चांगला होता. मुकादम एकदा म्हणाला की हिच्या हाताखालून गेलेला दोष भिंग लावून सापडायचा नाही. हे एक वाक्य मी पन्नास वर्षं पदराला बांधून फिरते आहे. त्याच सुमारास एक जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, माझ्यावर तडकला होता. एका लूमवर दर ताक्याला एकाच जागी धागा निसटत होता आणि मी प्रत्येक वेळी तो भरून टाकत होते, गुपचूप, चोख. दोष मेंडिंगलाच मिटायचा, म्हणून त्या लूमकडे कोणी बघितलंच नाही आणि तो तसाच चुकत राहिला. जॉबर म्हणाला, "बाई, तू कापड सुधारतेस की माझी वाट लावतेस?" मुकादमाचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. जॉबरचं मी त्याच दिवशी विसरले. विशीतल्या बाईची निवड बघा.

आणि सदुसष्टाव्या वर्षीची बाई तरी काय वेगळी. लाल दिसला की तिची बोटं शिवशिवायची. दोष बाहेरच्याने बघण्याआधी आपण भरायचा. आपल्या पोरीचं नाव परत खाली जायला नको. असे कितीतरी शनिवार गेले. नात घरी यायची, पडदा बघायची, म्हणायची, "वा, सगळं हिरवं." मी पदराने हात पुसत म्हणायचे, "असणारच."

एका रविवारी आम्ही दोघी बसून भिजवलेले वाल सोलत होतो. वाल म्हणजे मीच सोलत होते, ती लॅपटॉपवर काही वाचत एखादा उचलून सोलल्यासारखं करत होती. वाचता वाचता ती हसली.

"काय गं?"

"एक माणूस आहे. लांब, उत्तरेकडच्या थंड देशात. शाळेतले कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्याकडे आपल्यासारखी जुनी बोर्डं आहेत. तो म्हणतोय, नव्या बदलानंतर त्याची मशीन सोमवारी सकाळी उठतच नाहीत. दुसऱ्यांदा चालू केली की उठतात. म्हणून तो बदल घेऊ नका म्हणतोय."

वाल माझ्या बोटांतून सुटून कपाटाखाली गेला.

"मग?"

"मग काय, हे बोर्ड असलेल्या सगळ्यांना विचारलं, तुमच्याकडे असं होतं का. बाकीच्यांकडे सगळं हिरवं. आपल्याकडेही कायम हिरवं. मी लिहून टाकलंय, आमच्याकडे एकदाही झालेलं नाही, तुमची मशीनच जुनी झाली असतील. येत्या गुरुवारी मीटिंग आहे, त्यात बदल पक्का होईल." मग म्हणाली, "माझ्या शब्दावर थांबले होते, आजी. बघ."

मी बघितलं. तिचा चेहरा असा होता की मला वाल शोधायला कपाटाखाली वाकावं लागलं.

आता सरळ माणसाने तिथेच सांगितलं असतं. मी सरळ नव्हते, मला वाटलं मी चतुर आहे. मनात हिशोब केला, पाटीने स्वतःच लाल दाखवला तर माझं तोंड उघडायची गरजच काय? शनिवारी मी बटणाला हात लावणार नाही, लाल बाहेर जाईल, सगळ्यांना कळेल, आणि मी वाटाण्याची उसळ करत राहीन. अडचण एवढीच की मीटिंग गुरुवारी होती. म्हणजे शनिवार आधी आणायला हवा. मंगळवारी सकाळी मी मागच्या खोलीचा मेन स्विच पाडला. सुनेला सांगितलं, वायरीतून जळका वास येतोय, चाचांच्या माणसाला दाखवते. चाचांचा माणूस आला, वास घेतला, म्हणाला वास खालच्या तेलाचा आहे, आणि चहा पिऊन गेला. स्विच मी बुधवार सकाळपर्यंत तसाच ठेवला.

बुधवारी नातीची सुट्टी होती, हे तर माझ्या योजनेतलं सोनंच. ती समोर असताना लाल येईल, ती स्वतः बघेल. मी स्विच वर केला आणि लसूण सोलायला घेऊन पडद्यासमोरच ठाण मांडलं. पाट्या जाग्या झाल्या. हिरवं, हिरवं. जुनी पाटी. लाल.

"अगं, लाल आलं बघ," मी म्हटलं. माझ्या आवाजात आनंद होता, तो तिला ऐकू आला नाही.

तिने मान वर केली. "हां, काल लाइट नव्हती ना." आणि तिने बटण दाबलं.

चाचणी पुन्हा झाली. हिरवं. ती मान खाली घालून परत आपल्या कामाला लागली. मी लसणीची पाकळी हातात धरून बसले. इतकं सुबक काम माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणी करताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते कसं दिसतं ते मला कळलं.

तरी बोलले का? नाही. गुरुवारचा दिवस मी खिडकीशी बसून काढला. संध्याकाळी दिवे लागले, खालच्या लूमचा आवाज दणदणत होता, आणि नात लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर खणाखणात माणसं. त्या बदलावर शेवटचा शब्द असणारी एक बाई मध्ये होती, पांढरे केस, नाकावर चष्मा. तिला मी मनात मुकादमीण म्हणायचे. आणि कोपऱ्यातल्या खणात शाळेचा तो माणूस. जाडजूड, स्वेटर घातलेला, दमलेला. तो हळू आवाजात काही बोलला. मला तेवढं इंग्रजी येत नाही, पण नमतं घेणारा माणूस कुठल्याही भाषेत कळतो. खांदे आधी खाली येतात.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, ठीक आहे, कदाचित आमचीच मशीन बिघडली असतील."

मी लॅपटॉपवर हात ठेवला. "तुझा आवाज बंद कर जरा."

"आजी, मीटिंग चालू आहे."

"म्हणून तर. त्याची मशीन बिघडलेली न्हाईत. आपलीही पहिल्या हाकेला उठत न्हाय."

तिने आवाज बंद केला. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. लाल, बटण, मंगळवारचा जळका वास.

"कधीपासून?"

"पाऊस सुरू झाल्यापासून. दर शनिवारी."

"दर शनिवारी?"

"आणि कालचं तू दाबलंस."

ती लाल झाली. तिला दाबायला मात्र बटण नव्हतं. पडद्यावरची माणसं हिच्या बंद आवाजाकडे बघत होती. नात मला म्हणाली, अगदी हळू, "मी लिहून दिलंय गं, एकदाही झालं नाही म्हणून. आता हे सांगितलं तर आपलं कोण ऐकेल? परत तेच लिहितील, या घरचं मनावर घेऊ नका." मग तिने स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं, "गप्प बसून शनिवारी लाल पाठवला तर? नंतर कळेलच त्यांना."

तीच माझी युक्ती, माझ्याच रक्तातून आलेली. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. म्हटलं, "मी मंगळवारपासून तेच करून बघतेय, बाय. न्हाय जमत."

तिने कोपऱ्यातल्या स्वेटरवाल्याकडे पाहिलं. तो आपली कागदपत्रं आवरत होता. तिने आवाज चालू केला.

ती काय बोलली ते मला सगळं कळलं नाही. "ग्रँडमदर" कळलं, कारण तेव्हा सगळे खण एकदम माझ्याकडे वळले. मी पदर सारखा केला. स्वेटरवाला पुढे झुकला, इतका की त्याचं नाकच दिसायला लागलं. त्याने विचारलं आणि नातीने मला विचारलं, "आजी, दुसऱ्यांदा दाबल्यावर कायम उठतं का? की कधी तिसऱ्यांदा?"

"दुसऱ्या हाकेला उठतं. न चुकता. तुझ्यासारखं."

हे तिने तसंच सांगितलं असावं, कारण मुकादमीण हसली. मग ती हसायची थांबली आणि काहीतरी टिपून घेऊ लागली. पुढचा प्रश्न तिचा होता, पाटी किती वेळ बंद असते? शुक्रवारी सकाळी पाडते, शनिवारी सकाळी वर करते, मी सांगितलं. का? भुगा झटकायला. नातीला भुग्याला इंग्रजी शब्द सापडेना, तिने हाताने करून दाखवला.

पुढचं मला नातीने जेवताना समजावलं. बाकीच्या घरच्या पाट्या कधी सुट्टीवर नसतातच. चाचणीला बंद होतात, पण क्षणभर, लगेच चालू. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडातून निघालेल्या माणसासारख्या, अंगात ऊब तशीच. पावसाळ्याच्या सुरुवातीला चाचणीला आलेला तो नवा बदल करणाऱ्याने गृहीत धरलं होतं की पाटीतला एक भाग आधीपासून जागा असेल. क्षणभर बंद केलेल्या पाटीत तो जागाच असायचा. दिवसभर थंड पडलेल्या पाटीत तो झोपलेला, म्हणून पहिली हाक वाया. दुसऱ्या हाकेपर्यंत पहिलीने त्याला जागं करून ठेवलेलं. हे दिसायची जागा सगळ्या जगात दोनच, शनिवार-रविवारी कुलूप लागणाऱ्या शाळा आणि आमची मागची खोली. शाळेने सांगितलं, तर विश्वास बसला नाही. आणि आमच्या खोलीला मी सुईने शिवून टाकलं होतं.

बदल थांबवला गेला. सगळ्यांनी आपापल्या पाट्या एक दिवस बंद ठेवून पाहिल्या. सगळीकडे लाल. नात ते लाल चौकोन मला एकेक करून दाखवत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी लाल बघून बोटं मांडीवर ठेवली. बदल करणाऱ्याने चूक दुरुस्त केली. स्वेटरवाल्याला नातीने माफीचं पत्र लिहिलं, चारदा खोडून. त्याने उलट लिहिलं की त्याची सोमवारची सकाळ आता शांत जाते. त्या घरचं मनावर घेऊ नका, असं कोणी लिहिलं नाही. पण नात अजून त्या पानावर जाऊन मधूनमधून बघते, मी तिला पाहिलंय.

त्या आठवड्यात तिने बटण काढून टाकलं. आता लाल आला की लालच बाहेर जातो. लाइट गेली असेल तर शेजारी तसं लिहिलेलं असतं, बस. मला थोडं वाईट वाटलं. शेवटी माझा धंदाच बुडाला. शुक्रवारी सकाळी मी ब्रश घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि तिला विचारलं, "मग आता मी काय करायचं?"

ती अजून अंथरुणातच होती. मी मारलेली ती दुसरी हाक होती. डोळे न उघडता ती म्हणाली:

"मेन स्विच तुझाच, आजी, तो पाड. उद्या लाल आलं तर येऊ दे. आणि मी पहिल्या हाकेला उठले नाही, तर आईला तसंच सांग, हळूच दुसरी मारून झाकत जाऊ नकोस."